कोंबडीच तर होती!

परवा सारंगखेड्याहून आईचा फोन आला. "तुझी चंपी गेली रे." संध्याकाळी अंगणात दाणे टिपत होती, सकाळी खुराड्यात ताठ. ना जखम, ना आजार. शेजारच्या काकू म्हणाल्या, शिजवून टाका. आईने लिंबाखाली पुरली.

ऑफिसात सांगितलं तर मित्र हसले. "कोंबडीच ना यार? रविवारी काय खातोस?" खातो, मान्य. पण हिला मी नाव दिलं होतं.

असो. जास्त छळतोय तो प्रश्न : का? आमच्याकडे सर्व्हर पडला तर कारण सापडेपर्यंत तिकीट बंद होत नाही. कोंबडी मेली की मात्र 'हवा लागली' म्हणायचं, झालं!

आणि हे आमच्या नंदुरबार जिल्ह्यात! २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापुरात. आधी राणीखेत, म्हणजे मानमोडीच वाटली होती. भोपाळच्या प्रयोगशाळेने खरं काय ते सांगितलं. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ ला नवापुरात पुन्हा तेच.

म्हणून माझं मत : पाळलेला पक्षी अचानक मेला तर उघड्या हाताने उचलू नका, खाऊ तर नकाच. पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 'का' विचारणं हा वेडेपणा नाही, गेलेल्या जीवाचं तेवढं तरी देणं लागतो आपण.

चंपीचं कारण आता कळणार नाही. आई रोज सकाळी उरलेल्या मोजते आणि मला मेसेज टाकते, "चारही आहेत."