वटवाघूळ बदनाम, बिल्डर नामानिराळा

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ब्रिटनच्या राज्यकर्त्यांना ठाऊक नसावी. घरे वेळेत होत नाहीत, रेल्वेचा खर्च आवरत नाही. मग दोषी कोण? पाच ग्रॅम वजनाचे वटवाघूळ! जानेवारी 2025 मध्ये तिथल्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी उद्योजकांना सल्ला दिला, की बांधकामाकडे लक्ष द्या, वटवाघळांची काळजी सोडा.

या रागामागे एचएस-2 या वेगवान रेल्वेचे प्रकरण आहे. बकिंगहॅमशायरमधल्या शीपहाऊस वूड या जंगलाजवळ वटवाघळे गाडीवर आदळू नयेत म्हणून रुळांवर सुमारे एक किलोमीटर लांबीचे आच्छादन उभारले जात आहे. खर्च 10 कोटी पौंडांहून अधिक. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रकल्पाच्या अध्यक्षांनीच हा आकडा सांगितला आणि गदारोळ उठला. पण ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेने स्पष्ट केले, की हेच बांधकाम करा अशी अट आम्ही घातलेली नव्हती. मग प्रश्न असा, की मार्ग दुर्मीळ बेक्स्टाईन वटवाघळांच्या जंगलाला खेटून कोणी आखला? वटवाघळांनी तर नाही!

कायदा मागतो तरी काय? तिथे 1981 च्या वन्यजीव कायद्याने आणि नंतरच्या नियमांनी वटवाघळांच्या सर्व जातींना आणि त्यांच्या राहण्याच्या जागांना संरक्षण आहे. त्या क्षणी जागेत वटवाघूळ नसले तरी जागा संरक्षितच. म्हणून जुने छप्पर उतरवण्याआधी तज्ज्ञ दिवसा येऊन फटी, तुळया, लेंड्या तपासतो. संशय आला तर उन्हाळ्यात, संध्याकाळी, ध्वनियंत्र आणि इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन बाहेर पडणारी वटवाघळे मोजली जातात. ती सापडली म्हणून काम कायमचे बंद होत नाही. काम लोकहिताचे असेल, दुसरा पर्याय नसेल आणि त्या जातीला धोका नसेल, तर परवाना मिळतो. म्हणजे कायद्याचे म्हणणे एवढेच: आधी पाहा, मग पाडा.

यात त्रास नाही असे नाही. पाहणीचा हंगाम चुकला तर वर्ष जाते, आणि साध्या घरमालकाला तज्ज्ञाची फी जड जाते. त्यावर उपाय म्हणजे तज्ज्ञ वाढवा, छोट्या कामांची फी कमी करा. कायदाच नको म्हणणे हा उपाय नव्हे.

आणि ज्याला सगळे ठाऊक असते, त्याचे काय? बेलवे होम्स या बड्या कंपनीला ग्रिनिचमधल्या जागेवर वटवाघळे असल्याचे आणि परवाना लागेल याचे आधीच लेखी कळवले होते. तरी 2018 मध्ये पाडकाम झाले. डिसेंबर 2020 मध्ये न्यायालयाने 6 लाख पौंड दंड ठोठावला. हे अज्ञान म्हणायचे की मस्ती?

आता आपल्याकडे पाहू. फळे खाणारी वटवाघळे आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात उंदरांसोबत ‘उपद्रवी’ यादीत होती. ती यादी 2022 च्या दुरुस्तीने गेली. अपवाद फक्त डॉ. सालिम अलींचे नाव लाभलेल्या जातीचा. पक्ष्यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या या मुंबईकराच्या नावामुळे तरी आपल्याला वटवाघूळ परके वाटू नये.

पण यादीतून नाव निघाले म्हणून निवारा वाचत नाही. 20 हजार चौरस मीटरच्या आतल्या बांधकामाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. जुना वाडा पाडताना, वडाचे झाड तोडताना आत कोण राहते हे कोणी विचारत नाही. मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. एक वसाहत उठली की ती भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. तोवर रात्रभर किडे फस्त करणारा हा फुकटचा चाकर आपण गमावलेला असतो.

महापालिकांनी पाडकामाच्या परवान्यात एक अट घालावी: आधी जाणकाराकडून पाहणी, वीण असेल तर ती संपेपर्यंत थांबणे. यासाठी 10 कोटी पौंड लागत नाहीत. खर्च वाढतो तो शेवटी पाहिल्याने, आधी पाहिल्याने नव्हे. ब्रिटनच्या या भांडणातून एवढे शिकलो तरी पुष्कळ.