ओठ शिवला, बोलण्याचं काय?

मिर्झापूरकडच्या पिंकीवर वाराणसीत दुभंगलेल्या ओठाची मोफत शस्त्रक्रिया झाली. त्यावरच्या 'स्माइल पिंकी' माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळालं. खर्च उचलला 'स्माइल ट्रेन' या अमेरिकन संस्थेने. ही संस्था स्थानिक डॉक्टरांनाच पैसा आणि प्रशिक्षण देते, हे आम्हाला पटतं. त्या डॉक्टरांना जयभीमच.

पण ओठ शिवला की 'आधी' आणि 'नंतर'चा फोटो निघतो. टाळूचा फोटो निघत नाही. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू दीड वर्षाच्या आत. मग वाचोपचार, कानांची तपासणी, दात, आणि आठ-दहा वर्षांचं झाल्यावर हिरडीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया. रोजंदारीवरची आई दर आठवड्याला वाचोपचारासाठी जिल्ह्याला कशी जाणार? मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. मग मूल नाकात बोलतं, वर्ग हसतो, मूल गप्प होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं तोंड बंद ठेवलं गेलं, त्यांच्या लेकरांच्या बाबतीत आम्ही नुसत्या हसऱ्या फोटोवर समाधान मानायचं का?

"फुकट मिळतंय, तर तक्रार कसली?" असं आपलेच लोक विचारतात. अहो, संस्थेला जाब विचारता येत नाही, सरकारला येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि मोफत उपचार, आणि यादीत दुभंगलेला ओठ व टाळू आहे. मग आपण शिबिराच्या बॅनरची वाट का बघतो? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असं म्हटलं होतं. दानाची भाषा त्यांची नव्हती.

आता घरातलं. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि ग्रहणात गरोदर सुनेला विळीला हात लावू द्यायचा नाही! बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की "हिनेच काहीतरी चिरलं असणार." जगभरात साधारण सातशे जन्मांमागे एक बाळ असं जन्मतं, ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही. अनुवंश, गर्भारपणातलं पोषण, तंबाखू यांचा विचार कुणी करत नाही, आरोपी मात्र आई. वस्तीत फिरताना अशी रडणारी आई आम्ही पाहिली आहे, आणि तिला बोल लावणारे आपलेच होते.

तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. आपल्या अंगणवाडीत ते शेवटचं कधी आलं, ताईंना विचारा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचोपचार तज्ज्ञाचं पद भरलंय का, यासाठी या आठवड्यातच माहिती अधिकाराचा अर्ज टाका.