संकल्प आणि पदपथ
औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो स्वतः नेमाने ते घालून; आमच्या सुशिक्षितांस मात्र संकल्पच पुरेसा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला. दिवसाला पुरती २२ मिनिटेही नव्हेत! वेळ नाही, ही सबब आम्हांस पटत नाही. पण चालावे कोठे? पदपथांवर मोटारी उभ्या. कचेरीतून परतणारा भुकेला मनुष्य मग कोपऱ्यावरील वडापावाच्या गाडीपाशीच थांबतो. घरी भाजीभाकरी तयार असेल तर कदाचित पुढेही जाईल. परंतु तो भार एकट्या गृहिणीनेच का वाहावा? पालिकेने निदान पदपथ तरी येत्या पावसाळ्यापूर्वी मोकळे करावेत, अशी आमची मागणी आहे.