टाकीवर चिकटलेला कागद

घरातली जुनी ट्रंक आपण उपसतो ती एखाद्या खरेदीखतासाठी किंवा निकाहनाम्यासाठी. पण हात थांबतो तो तळाशी अंथरलेल्या पिवळ्या वर्तमानपत्रावर. तो कागद कुणी जपून ठेवलेला नसतो, नुसता राहून गेलेला असतो. म्हणूनच त्यावर चटकन विश्वास बसतो. अमेरिकेतल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांमध्ये असाच राहून गेलेला एक कागद सापडतो आणि त्याच्या भरवशावर आज मोठमोठे सौदे होतात.

शेव्हरोलेटची कॉर्व्हेट घ्या. १९६० च्या दशकात ही गाडी मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसच्या कारखान्यात बनत असे. रांगेतून एकामागून एक येणाऱ्या गाड्या दिसायला सारख्याच, पण कुणाला मोठं इंजिन हवं, कुणाला एअर कंडिशनर, कुणाला नुसता रेडिओ. कामगाराला हे कळावं म्हणून प्रत्येक गाडीसाठी चौकोन पाडलेला एक तक्ता छापला जाई. त्यालाच बिल्ड शीट म्हणतात. साधारण १९६७ पासून त्याची एक प्रत पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवलेली सापडते. टाकी जागेवर बसली की कागद झाकला जाई. मालकाने तो वाचावा असा कुणाचाच विचार नव्हता.

मग तो आज एवढा मोलाचा का? आपण जुनी गाडी घेताना आरसी बुक आणि चॅसीस नंबर पडताळतो. १९६७ च्या कॉर्व्हेटचा चॅसीस नंबर १९४३७७एस असा सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरोलेट, ९४ म्हणजे कॉर्व्हेट, ३७ म्हणजे बंद टपाची गाडी, ७ म्हणजे १९६७ साल, एस म्हणजे सेंट लुईस. पुढे अनुक्रमांक. यात इंजिन कुठेच नाही. ते नंबरात आलं १९७२ पासून. तोपर्यंत साधी गाडी आणि दुर्मीळ गाडी यांतला फरक नंबरवरून कळण्याची सोय नव्हती.

आणि फरक केवढा! एल-८८ या संकेताचं इंजिन १९६७ मध्ये फक्त २० कॉर्व्हेटना बसवलं गेलं, तेही ९४७ डॉलर ९० सेंट जादा घेऊन. कंपनीने त्याची ताकद ४३० हॉर्सपॉवर सांगितली, म्हणजे स्वस्तातल्या एल-७१ पेक्षा ५ ने कमीच. प्रत्यक्षात ती ५०० च्या वर होती. रस्त्यावरच्या गिऱ्हाईकाने ते घेऊच नये, शर्यतवाल्यांनीच घ्यावं, असा तो हिशेब होता. त्या वीसपैकी एक गाडी जानेवारी २०१४ मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली.

आता तक्ता वाचू. एक अक्षर आणि दोन आकडे मिळून एक संकेत होतो. एम-२० म्हणजे चार गिअरचा नेहमीचा गिअरबॉक्स, एम-२१ त्याच जातीचा, पण गिअरांमधलं अंतर कमी. एम-२२ सर्वांत दणकट, आवाजही तसाच, म्हणून त्याला ‘रॉक क्रशर’ म्हणजे दगडफोड्या असं नाव पडलं. सी-६० म्हणजे एअर कंडिशनर. जी-८१ म्हणजे मागचं एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देत राहणारी यंत्रणा. संकेतांची यादी पाठ असली म्हणजे वाचता आलं असं मात्र नाही. खरं वाचन संकेत एकमेकांशी ताडून पाहण्यात आहे. १९६७ मध्ये एल-८८ घेणाऱ्याला एम-२२, जी-८१ आणि जे-५६ हे शर्यतीचे ब्रेक घ्यावेच लागत. रेडिओ आणि हीटर मिळत नसे. तेव्हा एखाद्या तक्त्यावर एल-८८ च्या जोडीला सी-६० दिसला, तर कागद कितीही जुनाट दिसो, तो त्या गाडीचा नाही.

असे कागद पुढे येतात, कारण कोऱ्या तक्त्यांच्या नकला बाजारात मिळतात. हौसेने आपल्या गाडीसाठी नक्कल करून घेणं वेगळं आणि ती अस्सल म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देणं वेगळं. मालातला दोष आधी सांगावा हे आपल्या घरांत लहानपणीच शिकवतात. इथे तर दोष लपवायला पुरावाच तयार केला जातो. लबाडीशिवायही घोटाळे होतात. सीटच्या स्प्रिंगांमध्ये सापडलेला तक्ता कधी कधी रांगेतल्या दुसऱ्याच गाडीचा निघतो. म्हणून सगळ्यांत आधी तक्त्यावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळवायचा.

नंतर लोखंडाकडे वळायचं. इंजिनाच्या पुढच्या भागात, उजव्या बाजूला एक सपाट पट्टी असते. तिच्यावर कारखान्याचं अक्षर, जुळणीची तारीख, इंजिनाचा प्रकार आणि गाडीचा अनुक्रमांक ठोकलेला असतो. टी असेल तर इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाचं. ब्लॉक ओतल्याची तारीख वेगळी, त्यात ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. ब्लॉक आधी ओतला गेला पाहिजे, मग इंजिन जुळलं पाहिजे, मग गाडी. हा क्रम उलटला की कागद बाजूला ठेवून विकणाऱ्याला प्रश्न विचारायचे. पट्टीवर कारखान्याच्या यंत्राने उमटलेल्या बारीक समांतर रेषाही हव्यात. घासून नवा नंबर ठोकणाऱ्याकडून त्या बहुधा पुसल्या जातात.

सगळ्याच कंपन्यांची अशी पंचाईत नाही. पॉन्टियॅकच्या जुन्या नोंदी शुल्क भरून मिळतात. मूळ कॅनडात विकल्या गेलेल्या शेव्हरोलेटची माहितीही तिथल्या जनरल मोटर्सकडून मिळवता येते. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या कॉर्व्हेटच्या मालकाला मात्र बहुतेक वेळा टाकीच खाली उतरवावी लागते.

आणि उतरवल्यावर कागद असेलच असंही नाही. पाणी, माती, उंदीर यांतून जे वाचलं ते तपकिरी होऊन कुरकुरीत झालेलं असतं. जाणकार मंडळी त्याला हात लावत नाहीत. आधी जागेवरच, चांगल्या उजेडात, कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो काढतात. सोलून काढण्याच्या घाईत तो तुटला, तर बहुधा पहिला जातो तो नंबराचाच कोपरा.