टाळे लावण्याआधी तपासणी

स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, ऑगस्ट २००९ मध्ये, आणि तोही एका शाळकरी मुलीचा. काही दिवसांतच पुण्या-मुंबईतल्या शाळा आठवडाभर बंद झाल्या. भीती रास्त होती. इन्फ्लुएन्झा मुलांमध्ये झपाट्याने पसरतो आणि दप्तराबरोबर घरी येतो. पण साथ आली की आपला सगळा वाद शाळा चालू की बंद यावरच अडून बसतो. तापाने फणफणलेल्या मुलाकडे शाळेत बघायचे कोणी, हे त्याआधी ठरायला हवे.

१९१८ च्या साथीत बहुतेक अमेरिकी शहरांनी शाळांना टाळे लावले. न्यूयॉर्क आणि शिकागोने लावले नाही. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचा हिशेब सरळ होता. शहरातली बहुसंख्य मुले दाटीवाटीच्या, कोंदट बिऱ्हाडांत राहत. त्यापेक्षा हवेशीर वर्ग बरे. शिक्षक रोज सकाळी मुलांना न्याहाळत, शंका आली तर शाळेचे डॉक्टर किंवा परिचारिका तपासत आणि आजारी मुलाला वेगळे काढले जाई. हे जमले, कारण जोसेफिन बेकर यांच्या देखरेखीखाली तिथली बाल आरोग्यसेवा १९०८ पासूनच उभी राहत होती. साथ दारात आल्यावर ती उभारायला सवड मिळाली नसती.

यावर कुणी सेंट लुईसचा दाखला देईल. त्या शहराने शाळा लवकर बंद केल्या आणि फिलाडेल्फियापेक्षा तिथला मृत्युदर बराच कमी राहिला. हे खरेच आहे; पण तिथे नाट्यगृहे आणि प्रार्थनास्थळेही त्याच वेळी बंद झाली होती. रोग जीवघेणा असेल तर शाळा बंद करणे योग्यच, मात्र वेळेवर आणि इतर उपायांच्या जोडीने. २००९ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आधी शाळाबंदीचा सल्ला दिला आणि आजार अपेक्षेइतका घातक नसल्याचे दिसताच मे महिन्यात तो बदलून आजारी मुलांना घरी ठेवण्यावर भर दिला. बंदीची किंमतही सारख्या वाट्याने पडत नाही: जिल्हा परिषदेची शाळा बंद झाली की शिकणे थांबते, पोषण आहाराची घडी विस्कटते आणि रोजंदारीवरच्या आईचा खाडा होतो.

आपल्या शाळांत परिचारिका आणायच्या कुठून, हा आक्षेप वजनदार आहे. पण पायाच नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथके शाळांत जाऊन मुले तपासतात. वर्षाकाठच्या भेटीने साथ पकडता येत नाही, म्हणून रोजची नजर शिक्षकाची आणि हाकेच्या अंतरावर प्राथमिक आरोग्य केंद्र, अशी जोडणी हवी. शंभर टक्के हजेरीची बक्षिसेही बंद करावीत, कारण ती तापातल्या मुलाला वर्गात ओढून आणतात. घरी राहिलेल्या मुलाचा शिधा घरपोच जावा. एवढे झाले, तर टाळे हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय ठरेल.