पडद्यावरचे घर आणि घामाचा हिशेब

फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि आकेरीच्या वाड्यातील नाईक कुटुंब महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. सिंधुदुर्गात तत्काळ निषेध उमटला. मालवणी माणूस भुताखेतांच्या आहारी गेलेला दाखवून कोकणाची बदनामी केली जाते, असा आक्षेप होता. २०१९ साली दुसरा भाग आला आणि कौतुकाची लाट उसळली. आकेरीचा वाडा पाहावयास पर्यटक येऊ लागले. बदनामीचे कौतुक इतक्या सहज व्हावे, याचा विचार झाला पाहिजे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हा अनुभव पूर्वीच घेतला आहे. १९७४ साली तेथील दूरचित्रवाणीवर ‘गुड टाइम्स’ ही विनोदी मालिका आली. तीत शिकागोच्या सरकारी वसाहतीतील एक गरीब कुटुंब होते. थोरल्या मुलाचा हळूहळू विदूषक झाला, तेव्हा आईवडिलांच्या भूमिका करणारे एस्थर रोल व जॉन एमॉस यांनीच त्यास हरकत घेतली. १९८४ साली ‘द कॉस्बी शो’ आला. पिता डॉक्टर, माता वकील, घर सुसंस्कृत. अपमानाचा लवलेश नव्हता. परंतु सट जाली व जस्टिन लुईस या अभ्यासकांनी प्रेक्षकांशी बोलून १९९२ साली जो निष्कर्ष मांडला, तो अस्वस्थ करणारा होता. कृष्णवर्णीय प्रेक्षक या सन्मानाने सुखावले. पण अनेक गोऱ्या प्रेक्षकांनी त्याच चित्रातून असा अर्थ काढला की, आता दार सर्वांना उघडे आहे, मागे राहिला तो स्वतःच्या दोषाने.

तात्पर्य स्पष्ट आहे. ‘आमचे चित्र चांगले दाखवा’ ही मागणी अपुरी आहे. हास्यास्पद चित्र आणि गोंडस चित्र ही दोन्ही एकच काम करू शकतात: कुटुंबाच्या चुलीमागची अर्थव्यवस्था दृष्टीआड करणे.

नाईकांच्या वाड्यात इस्टेटीचे तंटे आहेत. ती इस्टेट कोणाच्या कष्टावर उभी राहिली, हा प्रश्न मात्र नाही. गडी पांडूच्या विसरभोळेपणावर प्रेक्षक हसतो. त्याला मजुरी किती मिळते, हे त्याच्या मनातही येत नाही. मालिका सुरू झाली त्याच महिन्यात, मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ संघर्षानंतर, राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर कोकणातील असंख्य घरे चालत. १९८२ च्या संपानंतर तो आधार तुटला. अशा घरांत नाट्य कमी आहे काय?

विनोदाला विरोध करण्याचे कारण नाही. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्येही मालवणी माणसावर हसू येते. मच्छिंद्र कांबळींनी ते गाजविले आणि बोलीला रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळाली. तेथे गाव स्वतःला हसतो, सरपंचाच्या तोऱ्यालाही सोडीत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा घोषित झाला. पाहुण्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहण्याची सवय तेव्हापासून वाढत आली आहे. बंदीची मागणी करून ती सुटणार नाही. कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत मालिकांवर चर्चा घडवावी आणि एकच प्रश्न विचारावा: या घरात राबते कोण, आणि खाते कोण? हा प्रश्न विचारू लागलेल्या प्रेक्षकाला फसविणे कोणत्याही वाहिनीला अवघड जाईल.