घारी मोजायला हव्यात!

आपल्या महाविद्यालयात मोजदादीला तोटा नाही. हजेरीचे टक्के मोजले जातात, ग्रंथालयाचा दंड दिवसांवर मोजला जातो, आणि कोणत्या वर्गाचा निकाल किती टक्के लागला ते याच अंकाच्या शेवटच्या पानांवर वाचकांना छापलेले सापडेल. मोजत नाही त्या फक्त आपल्या डोक्यावर फिरणाऱ्या घारी. त्या दर वर्षी मोजाव्यात आणि तो आकडा या वार्षिकात छापावा, असे मी सुचवले तेव्हा मित्रमंडळींत हशा पिकला. “घारी काय मोजायच्या? लालबाग-परळात त्यांना कधी तोटा पडलाय?” त्या हशाला उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहे.

मित्रहो, हाच प्रश्न एके काळी गिधाडांबद्दलही विचारता आला असता. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी बांधवांचे अंत्यविधी शतकानुशतके गिधाडांच्या भरवशावर चालत आले. गिरगावातल्या जुन्या मंडळींना ती घिरट्या घालणारी गिधाडे चांगली आठवतात. पण शेवटचे गिधाड कोणत्या वर्षी पाहिले, असे मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या एकालाही सांगता आले नाही. “हळूहळू दिसेनाशी झाली,” एवढेच उत्तर. रोज दिसणारी गोष्ट नाहीशी होते तेव्हा अशीच होते; ती जाताना कोणी पाहत नाही. पुढे डुंगरवाडीवर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र कोणीतरी मोजत होते. आपल्या मुंबईतल्या, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी तेथली गिधाडांची घरटी १९८०च्या दशकात मोजली होती आणि १९९०च्या दशकात पुन्हा मोजली. दोन आकडे शेजारी ठेवताच ९० टक्क्यांहून अधिक घट दिसली. देशभरच्या नोंदींवरून २००७ साली निष्कर्ष निघाला की १९९२ पासून पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातले एक उरले!

कारण सापडले ते २००४ साली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ साली भारताने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. अर्थशास्त्राच्या मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची दगावली असावीत, असा हिशोब दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली मांडला. उघड्यावर कुजणारे सांगाडे, दूषित पाणी आणि वाढलेली भटकी कुत्री यांची ती किंमत. तेव्हा पक्षी मोजणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे म्हणण्यापूर्वी थोडा विचार व्हावा.

परदेशांत ही गोष्ट केव्हाच ओळखली गेली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. तेथून जाणारे ससाणे आणि गरुड लोक मजेखातर बंदुकीने टिपत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि शिकार थांबवली. त्यांनी नेमलेले मॉरिस ब्राउन तेथे बसून जाणारा प्रत्येक शिकारी पक्षी मोजू लागले. काही वर्षांनी त्या वह्यांत गरुडांच्या कोवळ्या पिल्लांचे प्रमाण घसरलेले दिसले. रेचेल कार्सन यांनी १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात डीडीटीविरुद्ध जो पुरावा मांडला, त्यात या वह्यांतले आकडेही होते. मोजणाऱ्याला डीडीटीचे नावही ठाऊक नव्हते तेव्हा ती मोजणी सुरू झाली होती, हे विसरू नये. पुरावा आधी गोळा व्हावा लागतो; त्याचे काम काय, ते मागाहून कळते. आज इस्राएलमधील एलात येथे वसंतात आणि जॉर्जियातील बातुमी येथे शरदात अशाच मोजण्या होतात.

आता आपल्या घारींकडे येऊ. घार म्हणजे बारा महिने येथेच पडीक असलेला पक्षी, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. पावसाच्या तोंडावर मुंबईच्या पुष्कळशा घारी कोरड्या मुलखाकडे निघून जातात आणि पाऊस ओसरला की परततात, हे पक्षितज्ज्ञांनी फार पूर्वीच नोंदवले आहे. शिवाय हिवाळ्यात आपल्याकडे उत्तरेकडून काळ्या कानांच्या घारी पाहुण्या येतात. दिल्लीत अशा घारींच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली, तेव्हा त्या वसंतात काराकोरमची शिखरे ओलांडून कझाकस्तान, सैबेरिया आणि मंगोलियाच्या सीमेपर्यंत जातात असे दिसले. भाजीबाजाराच्या छपरावर बसलेल्या घारीला आपण किती सहज ‘आपली’ म्हणतो!

आणि या घारींचे सारे आलबेल आहे असेही नाही. संक्रांतीच्या दिवसांत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, मांज्याने पंख कापलेल्या घारी आणल्या जातात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी तो मिळतोच. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी काचेचे मनोरे आले, जुनी झाडे तुटली. याचा घारींवर परिणाम होतो की नाही? होत असेल किंवा नसेलही. वादविवाद स्पर्धेत यावर दोन्ही बाजूंनी टाळ्या मिळवता येतील, पण आकड्यावाचून ते सारे हवेतले बोलणे ठरेल.

मोजणी अवघड नाही. साडेनऊ-दहाच्या सुमारास पत्रे, डांबर आणि गच्च्या तापल्या की गरम हवेचा झोत वर चढू लागतो. घार पंख न हलवता त्यात घिरट्या घालत चढते आणि माथ्यावर पोहोचली की सरळ घसरत पुढच्या झोताकडे जाते. दूरच्या प्रवासाला निघालेल्या घारी घिरट्यांत मोजू नयेत, त्याच त्या दोनदा मोजल्या जातात. माथ्यावरून सुटताना एकेक मोजावी आणि दिशा लिहावी. येथेच फिरणाऱ्या घारींसाठी दर पंधरा मिनिटांनी एकदा आकाशभर नजर फिरवून एका वेळी दिसलेला आकडा टिपावा. जागा तीच, वेळ तीच, वारा आणि ढग यांची नोंद, आणि मोजणारे दोघे, बस्स. शेपटीला खाच असलेली ती घार, आणि गोल शेपटीची, पांढऱ्या डोक्याची, तांबूस अंगाची ती ब्राह्मणी घार, एवढे ओळखता आले तरी सुरुवातीला पुरे.

“हे शास्त्र शाखेचे काम, आपण कलाशाखेचे,” असा एक आक्षेप येतो. गिरगावच्या खेतवाडीत लहानाचे मोठे झालेले सलीम अली विद्यापीठाच्या पदवीवाचून जगन्मान्य पक्षितज्ज्ञ झाले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर आपल्याच भाषेत आहे. ‘गिधाडासारखे तुटून पडणे’ असे आपण सर्रास लिहितो. तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० साली रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकाने ते पक्षी डोळ्यांनी पाहिलेले होते. आज आमच्या वर्गात तो शब्द आहे, पण पक्षी पाहिलेला विद्यार्थी नाही. आकाशात हिंडताना जिचे चित्त पिल्लांपाशी असते, ती घारही उद्या नुसती म्हणीपुरती उरली तर मराठीच्या विद्यार्थ्याचे काही जात नाही काय? मारुती चितमपल्ली यांनी रानोमाळ फिरून पक्ष्यांची मराठी नावे जमवली. नावे जपली तर पक्षीही जपायला नकोत?

गेल्या चैत्रापासून मी लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवरून रविवारी दोन तास मोजणी करतो. माझ्या वहीतले आकडे येथे देत नाही. एका वर्षाच्या आकड्याला एकट्याने अर्थ नसतो. त्याला सोबत लागते ती पुढच्या वर्षांची, आणि तेथे एकटा विद्यार्थी अपुरा पडतो, कारण तीन वर्षांनी तो येथून जातो. संस्था राहते.

म्हणून प्राचार्यांना आणि प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत आठवड्यातून दोन तास महाविद्यालयाच्या गच्चीची किल्ली आम्हांला मिळावी. वही ग्रंथालयात राहावी आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती रीतसर सोपवली जावी. दादर आणि गिरगावच्या महाविद्यालयांनाही पत्र जावे. तीन गच्च्यांवरून एकाच रविवारी मोजले तर मध्य आणि दक्षिण मुंबईचे आकाश बरेचसे आवाक्यात येईल. आणि या वार्षिकाच्या संपादकांनी निकालाच्या तक्त्याशेजारी अर्धे पान घारींना द्यावे.

खर्च एका वहीचा आहे. पंचवीस वर्षांनी येथे शिकणाऱ्या कोणी विचारले की घारी कधी कमी झाल्या, किंवा झाल्याच नाहीत काय, तर “हळूहळू दिसेनाशा झाल्या” यापेक्षा बरे उत्तर त्याला या महाविद्यालयात मिळाले पाहिजे.